बद्द आवाज

अंबडच्या शेडमध्ये कापड येतं ते गारठलेलं,
उणे अठरा अंशांतून, काळं, चिकट,
दोन तास टेबलावर निपचित पडून राहतं
आणि मगच हात लावू देतं.
त्या फ्रीझरमध्ये एकदा पटवेकरांनी कुल्फी ठेवली होती,
त्याची नोटीस अजून दारावर आहे.

मग सुलभाताई. बांगड्या डब्यात, केस टोपीत,
पावडर नाही, गजरा नाही, तळहाताला घामसुद्धा मना.
तीनशे बारा तुकडे एका सांगाड्याला:
हा सरळ, हा तिरका, हा उलट तिरका,
कारण धागा लांबीत ओढला तर जुमानत नाही
पण आडवा ताण आला की लगेच हात टेकतो,
म्हणून एकाची खोड दुसऱ्याने झाकायची.
"जावा-जावांसारखं," त्या म्हणतात
आणि लाकडी चमच्याच्या पाठीने
कडेकडेची हवा बाहेर काढत जातात.

पोटात रबराची पिशवी घालून
सगळं साच्यात बंद. बोल्ट. दीडशे अंश.
पिशवी फुगते, आतून भिंतीला रेटते,
राळ पातळ होते, थरांतून हिंडते,
मग जागच्या जागी थिजते.
आम्ही तोवर डबे खातो.
साचा उघडला की पिशवी ओढून काढायची,
लांबलचक, सुरकुतलेली, आता बिनकामाची.
आत उरते पोकळी
आणि तिचेच तर पैसे.

माझं काम शेवटी. मी नाणं वाजवते.
नोटा छापणाऱ्या या शहरात
दोन रुपयांच्या नाण्यावर माझा पगार निघतो.
बोटभर अंतराने टिक, टिक, टिक.
थर एकमेकांना धरून असतील तर आवाज कोरडा, टणक,
आत कुठे सुटले असतील तर बद्द.
यंत्र घेणार आहेत म्हणे, पुढल्या वर्षी.

हे मला कुणी शिकवलं नाही. म्हणजे कंपनीने नाही.
तांबट आळीत आमची सकाळ हातोडीने व्हायची,
अण्णा हंडा कानाशी धरून टिचकी मारायचे
आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "हा नका नेऊ."
गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं.
आई त्या रात्री वाढताना बोलायची नाही.

बुधवारी सांगाडा क्रमांक एकोणचाळीस.
सीटच्या नळीखाली चार बोटं, बद्द.
पुन्हा वाजवलं. नाणं बदललं. बद्द.
चिठ्ठीवर सही सुलभाताईंची.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, करवतीकडे पाहिलं.
काळी धूळ उडाली. छेदात, थरांच्या मधोमध
एक चुणी, नखाच्या कोरीएवढी,
घाईत नेसलेल्या साडीच्या निरीत राहते तशी.
"मंगळवारी," त्या म्हणाल्या, "मुलीच्या शाळेतून फोन होता."
मी लिहिलं: चुणी, थर सात.
कारणासाठी रकाना नव्हता.

तुकडा घरी आणला. अण्णांनी तळहातावर तोलला,
परत तोलला. जन्मभर वजनावर विकलं त्यांनी,
जितकं जड तितका भाव.
"आमच्यात उलटं आहे अण्णा,
ग्रॅम घटला की किंमत चढते."
ते हसले नाहीत. टिचकी मारली,
बऱ्या कानाजवळ नेऊन ऐकलं, फिरवून परत मारली.
"इथे बद्द आहे खरं," ते म्हणाले,
"पण बाकी काय वाजतोय! कुणाचा हात आहे?"

गुरुवारी हे सुलभाताईंना सांगायचं होतं.
त्या एक्कावन्नाव्या तुकड्यावर होत्या,
ओठ हलत होते, मोजत.
मी नाणं खिशात ठेवलं
आणि टेबलाच्या कडेला थांबले.