निवांत

आमच्या गाडीत एक शब्द बंद आहे.
कुठं लिहून लावलेला नाही,
पण जतला नवीन डॉक्टर आला की
पहिल्या रात्रीच मी सांगतो:
काय पण म्हणा,
"आज कसं निवांत आहे" तेवढं म्हणू नका.
म्हटलं की फोन वाजतो.
दंड दहा रुपये, ग्लोव्हजच्या रिकाम्या खोक्यात.
महिनाअखेर मिरजेला पेशंट सोडून परतताना
त्याचंच भडंग.

शिवलीला मॅडमनी पहिल्या आठवड्यात साठ रुपये भरले.
मग शहाण्या झाल्या. आता नुसतं
आभाळाकडं बघून "हं" म्हणतात.
मी म्हणतो, "हं"ला पण पाच रुपये लावूया.
त्या म्हणतात, मुलाणी, तुम्ही आधी
माझ्या बिस्किटांचा हिशेब द्या.

कागदावर मी पायलट.
आईनं उमदीच्या बाजारात तेवढंच सांगितलं,
पुढचं सांगितलं नाही.
तर एक मामा विचारत आले,
पोरीला एकदा विमानात फुकट बसवशील का?
बसवतो की, म्हटलं,
पण आडवं झोपून यावं लागतंय.

रात्री दोनला असल्या गोष्टी लई चालतात.
माडग्याळच्या वरातीत आम्ही सायरन लावला
आणि पोरं त्याच्यावरच नाचली.
मॅडम खिडकीतनं ओरडतायत,
नवरदेव घोड्यावरनं हात जोडतोय,
आणि मागं पाय मोडलेला पेशंट
पोट धरून हसतोय.
एकानं तर पत्ता सांगितला, वर म्हणाला,
जतला पाण्याची मोटार दुरुस्तीला टाकलीय,
येताना तेवढी घेऊन या.

त्या रात्रीचा कॉल संखच्या पलीकडच्या वस्तीवरचा.
म्हातारी. दम लागलेला. नाव गंगव्वा.
मराठी थोडी, कन्नड जास्त.
मॅडमना दोन्ही येतं, मला नुसतं "बन्नी, बन्नी".
नातू माझ्या शेजारी, मोबाईल दोन्ही हातांनी धरून.
मिरज शंभरच्या वर किलोमीटर.
सिलिंडरचा काटा मी बघत नाही.
आरशात मॅडमचं तोंड बघतो,
काटा तिथंच दिसतो.

नागज फाटा मागं पडला
आणि म्हातारीनं मास्क बाजूला केला.
अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली,
"आता कसं निवांत वाटतंय."

मॅडमनी आरशात माझ्याकडं बघितलं.
मी गिअर बदलला. गरज नव्हती.
मॅडमनी मास्क परत लावला,
कन्नडात काहीतरी हळू बोलत राहिल्या,
कवठे महांकाळचे दिवे येऊन गेले तरी
बोलतच होत्या.

मिरजेला स्ट्रेचर आत गेलं. दार मिटलं.
सही, वेळ, किलोमीटर.
आम्हाला गोष्टी मधनंच मिळतात
आणि मधनंच सुटतात,
एसटीत शेजारचा बोलत बोलत
आपल्या गावाला उतरून जावा तशा.

परतताना चहाला थांबलो.
मॅडमनी खोकं मागितलं, दहाची नोट टाकली.
म्हटलं, तुम्ही कुठं काय बोललात?
म्हणाल्या, आज्जीच्या नावचे. भेटल्या की वसूल करू.

सकाळी गाडी धुताना चंची सापडली.
चुन्याची डबी, चार सुपाऱ्या,
दुमडलेलं पान, अजून ओलं.
नातवाचा नंबर कागदावर आहे.
मॅडम लावत नाहीत.
मी पण लावत नाही.
चंची खोक्यात आहे, भडंगाच्या पैशांशेजारी.

संखचा कॉल आला की देऊ, मॅडम म्हणाल्या.
म्हणजे संखला कोण तरी आजारी पडायची
वाट बघायची व्हय?
त्या आभाळाकडं बघून म्हणाल्या, "हं."

पाच रुपये झाले, मी म्हटलं.
अजून दिलेले नाहीत.