अकरा सेकंद

तक्रार क्रमांक चार हजार चारशे सतरा.
नोंदवणारी मी. निकड: मध्यम.
मोठ्या बटणांचा फोन, वयस्कांसाठी.
समोरच्याने ठेवला तरी
लाइन अकरा सेकंद तुटत नाही.

ओउलूत दुपारचे तीन, बाहेर काळोख.
खिडकीखाली कुणीतरी सायकलच्या सीटवरचं बर्फ
कोपराने झाडत होतं.
इल्पो म्हणाला, एका आकड्याचं काम आहे,
अकराच्या जागी शून्य,
कॉफी निवायच्या आत करतो.

कॉफी निवली.
कारण तेवढ्यात एक पत्र आलं, कागदाचं,
केमियार्वीहून,
हेल्वी रांताकल्लिओ, वय ब्याऐंशी:
तुमचा फोन फार चांगला आहे.
माझा मुलगा बोलतो तेव्हा काही बोलत नाही.
हो. बरंय. इकडेही पडलं बर्फ.
पण ठेवल्यावर त्याच्या घरातला नळ ऐकू येतो,
खुर्ची सरकते,
फरशीवर नखं वाजवत कुत्रा येतो
आणि तो कुत्र्याशी बोलायला लागतो,
सहा वर्षांचा असताना बोलायचा, तसा.
ही सोय मुद्दाम ठेवलीत, आभारी आहे.

मुद्दाम हा शब्द पेत्राने मीटिंगमध्ये दोनदा वाचला.
पेत्रा विक्री बघते.
संध्याकाळपर्यंत तिने बगचं बारसं उरकलं:
'निरोपाची ऊब', फिकट नारिंगी अक्षरांत,
महिन्याला दोन युरो जादा.

मी मुद्दाम शोधायला जुन्या कोडमध्ये उतरले.
ते वेइक्कोने लिहिलेलं. निवृत्त होऊन तो सायमाच्या काठी मासे धरतो.
अकराच्या शेजारी त्याची एकच टीप होती:
चाचणीपुरतं. नंतर काढणे.
नंतर म्हणजे सात वर्षं.

मग राहेहून एक खोकं परत आलं.
फोन, चार्जर, पावती, सगळं नीट घडी घालून,
परतीचं कारण: रिकामी जागा.
मी फोन केला. ओस्मो नावाचे गृहस्थ.
बराच वेळ त्यांनी हवामानच सांगितलं.
मग म्हणाले, मुलगी दर रविवारी करते, न चुकता.
शेवटी आपण सगळेच म्हणतो तसं ती म्हणाली, कूलेमीन,
पुन्हा ऐकू येईपर्यंत.
आणि तिसऱ्या सेकंदाला कुणाला तरी:
झालं एकदाचं. वाढ आता.

तिचं काही चुकलं नाही हो, ओस्मो म्हणाले,
मीही आईचा फोन ठेवून हेच म्हणायचो.
फक्त तेव्हाचे फोन
लगेच तुटायचे.

फॉर्मवर दोनच चौकोन असतात. बग. फीचर.
इल्पोने पेन माझ्याकडे सरकवलं,
जणू मी बायबलवर हात ठेवून सांगणार होते.
त्याच नळाचं पाणी, तीच खुर्ची,
एका घरी ऊब पोचवते
आणि दुसऱ्या घरी भिंतीला भोक पाडते.
आणि दोन्हीकडे बोलणाऱ्याला पत्ताच नाही
की तो अजून बोलतोय.
या शेवटच्या वाक्यावर मी अडले
आणि पहिल्या चौकोनात फुली मारली.
पेत्रा दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.
हेल्वीबाईंना उत्तराचे तीन खर्डे केले,
तिन्हींत 'सुधारणा' हा शब्द होता,
तिन्ही फाडले.

गुरुवारी शून्य लागणार होतं.

पुदास्यार्वीला आईकडे आमचाच एक नमुना आहे,
चाचणीसाठी मीच दिलेला.
सोमवारी तिला फोन केला. हो. बरंय. जेवलीस का.
ठेवला, आणि ओट्यापाशी उभी राहिले.
कप विसळला, जरा जास्तच आवाज करत.
मंगळवारी दोन कप, एक पातेलं,
आणि शाळेतल्या कुठल्याशा गाण्याची अर्धी ओळ,
मला येत नाही ती, तरी.
दहा. अकरा.

बुधवारी आई म्हणाली,
हल्ली तुझ्याकडे भांडी फार पडतात, नाही?