मुक्काम किती दिवस?

माझं पूर्ण नाव सुरगोंडा आदगोंडा चौगुले.
काचेपलीकडचा माणूस ते तीनदा वाचतो,
तिसऱ्यांदा सोडून देतो,
नुसतं बोट दाखवतो. कॅमेऱ्यात बघा.
चष्मा काढा. हसू नका.
(हसत नव्हतो, तोंडच तसं आहे.)

कशाला आलात?

शिरोलीत ओतलेला चाळीस किलोचा इंपेलर
तुमच्या गावाला पाणी पाजतो,
आठवडा झाला थरथरतोय,
त्याच्या पोटाला कान लावायला आलोय.
एवढं सगळं जिभेवर येतं.
मी म्हणतो, बिझनेस.

मुक्काम किती दिवस?
सहा.

डुसेलडॉर्फला शेंगदाण्याची चटणी गेली.
हातमोजे घातलेल्या दोन बोटांत पुडी धरून
त्यानं ती शेजारच्याला दाखवली,
शेजारच्यानं त्याच्या वरच्याला.
हेमलतानं खलबत्त्यात कुटलेली,
मिक्सरला हात न लावता.
खाऊन बघा, म्हटलं.
तिघंही मागं सरकले.

साओ पाउलोत बॅगच आली नाही.
चार दिवस एक शर्ट,
रात्री बेसिनमध्ये धुवायचा,
केस वाळवायच्या यंत्रानं वाळवायचा
(त्या यंत्राला माझ्या डोक्यावर तसंही काम नव्हतं),
आणि सकाळी ओल्या कॉलरीनं
गॅरंटीबद्दल ठामपणे बोलायचं.

कोल्हापूर म्हटलं की नैरोबीत, मस्कतला
आपलाच कुणीतरी डोळे मिटतो,
अहाहा, रस्सा!
मी जन्मात खाल्लेला नाही.
आधी सांगायचो. त्याचं तोंड असं पडायचं
की मीच खोटा पासपोर्ट काढलाय.
आता मान हलवतो.
तांबडा? हो, तांबडा.
पांढरा? हो हो, तोही.
बस्तीत जाऊन कधीतरी
एवढ्याचं प्रायश्चित्त घेईन.
रात्री खोलीत बिस्किटं.

फोन कधी करावा, हे अजून सुटलेलं नाही.
मी जेवायला बसतो तेव्हा ती झोपलेली,
ती उठते तेव्हा मी हेल्मेट घालून पंपाखाली.
आमचं एक भांडण
तीन खंडांत मिळून चाललंय,
कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही,
पण थांबवायला
दोघं एका वेळी जागे हवेत.

परवा उजळाईवाडीचं विमान रद्द झालं.
अर्धी पृथ्वी अकरा तासांत,
आणि पुण्याहून घर आठ तासांत,
कराडला रस्ता खोदलेला.
पंचगंगेचा पूल आला तसा ड्रायव्हर म्हणाला,
आता कुठनं घेऊ?
सिंगापूरला पेंगत पेंगत गेट शोधणारा मी
एकेरी झालेल्या रस्त्यांवर
माझीच गल्ली दोनदा चुकलो.

गल्लीच्या तोंडाला बंडूतात्या इंगवले,
हातात दुधाची किटली.
कवा आलास?
हा काय, आत्ताच.
परत कवा?

बॅग अजून डिकीत होती.

रात्री तीनला डोळे टक्क उघडे.
गंगावेशीत म्हशी यायला अजून वेळ,
शरीर कुठल्यातरी दुपारी अडकलेलं,
त्याला चहा हवा.
लायटर सापडेना.
साखरेच्या डब्यात रवा.
रव्याच्या डब्यात बटणं, सुया, माझीच जुनी किल्ली.
हॉटेलात अंधारातही कळतं, कुठं काय असतं,
सगळ्या जगात पुड्या डावीकडंच ठेवतात.
इथं हात लागला आणि झाकण पडलं,
फरशीवर गोल गोल फिरत राहिलं,
थांबेचना.

आतून आवाज आला, कोण आहे?

झोपेत नव्हतो. तरी तोंडातून गेलं,
सुरगोंडा आदगोंडा चौगुले.

थोडा वेळ काहीच नाही.
पंखा. लांबवर एक ट्रक.
मग कूस बदलल्याचा आवाज, आणि
वरच्या फळीवर बघ.
कॉफीच्या जुन्या बरणीत.
मलापण अर्धा कप टाक.