कट्टी

निखत मॅडम दर बुधवारी परभणीहून पॅसेंजरनं येतात.
पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या वहीतला 'त्रास' हा शब्द खोडला.
"त्रास मोजता येत नाही, भाऊ. दिसतं ते लिहा."
मग आम्ही तिघांनी बसून एक वाक्य पक्कं केलं:
कपाळ भिंतीवर आपटलं, आवाज झाला, तर एक.

मी सेलूच्या मोंढ्यातला तोलार.
मापाचं मला कुणी शिकवायची गरज नव्हती.
तूर मुठीत धरली की ओल सांगतो,
पोत्यामागं कट्टी किती जाईल तेही.
रकाने आखले: आधी काय, केलं काय, मग काय.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
हमाल पोती उतरवतात तेव्हा खडूनं मारतो तशा.

सोमवार, सहा ते सात: अकरा.
आधी: कुकरची शिट्टी.
आधी: शेजारची बोअर सुरू.
आधी: काहीच नाही.
('काहीच नाही' असं नसतं, मॅडम म्हणतात.)
मंगळवार: बारा.
आधी: मी वही उघडली.
हे एवढं लिहायला मला दोन दिवस लागले.

कैवल्य सहा वर्षांचा. बोलत नाही.
एकदा मोंढ्यात नेला, तर आपणहून काट्यावर चढला.
अठरा किलो दोनशे.
आकडा थरथरायचा थांबेपर्यंत
तोही हलला नाही.
वही त्या दिवशी घरी होती.

तिसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या,
दोघांनी वेगवेगळं मोजा, एकमेकांचं बघू नका.
मी दाराशी बसलो. रेवता त्याच्याजवळ.
माझे चौदा.
तिचे पाच.

एवढा फरक मोंढ्यात निघाला तर पोतं पुन्हा काट्यावर चढवतात,
शिव्या होतात.
मी म्हणालो, "कामून कमी लिहिलीस?
लेकराचं चांगलं दिसावं म्हणून?"

तिनं वही खाली ठेवली, उजवा हात पालथा केला.
बोटांची मुळं काळीनिळी.
"नऊ ह्याच्यावर बसले," ती म्हणाली.
"भिंतीवरचेच धरायचं ठरलं होतं की."
आवाज माझ्यापर्यंत आला होता.
तिचा हात भिंतीवर आपटल्याचा.

मॅडमनी बराच वेळ पेन उघडलं नाही.
पॅसेंजरची वेळ होत आली होती.
मग पट्टी मागितली
आणि रेवताच्या पानावर आणखी एक उभी रेघ ओढली.
वर काय लिहावं ते त्यांनाही सुचेना.
तो रकाना अजून बिननावाचाच आहे.

कट्टी म्हणजे जे असतं, पण धरत नाहीत.
बारदानाचं वजन. ओलीचं. मातीचं.
बावीस वर्षं मी ते वजा करत आलो,
हात कधी अडखळला नाही.

काल माझे सहा.
तिचे चार, आणि बिननावाच्या रकान्यात दोन.
बेरीज जुळली, पण मी काही बोललो नाही.

आज वही तिच्याकडं आहे.
भिंतीशी मी बसलोय, हात मोकळा ठेवून.
शेजारची बोअर सुरू व्हायला
अजून दहा मिनिटं आहेत.