रीडिंग

लोटलीच्या वळणावरचं ते घर माझ्या यादीत एकोणिसावं.
चार वर्षं वहीत एकच शेरा : दार बंद.
मीटर मात्र बाहेर, बल्कांवाच्या खांबाला.
काचेवर अंगठा फिरवतो,
आकडा तोच. लिहितो.

पेटी उघडली की आधी ती निघते.
कंबर म्हणजे नुसता दोरा,
पिवळे पाय मागे लोंबत.
कुंभारीण.
गांधीलमाशीसारखी अंगावर येत नाही,
काम अडलं, एवढंच दाखवते
आणि थोड्या वेळानं चिखलाची गोळी घेऊन हजर.
शेजारच्या पिएदादबाय नळाखाली भांडी घासतात, तिथला चिखल.
साबणाचा वास असणार त्याला.

आत चार कोठ्या. एकेकीत कोळी दाटून भरलेले,
मारलेले नाहीत, निजवलेले.
त्यांच्यात एक अंडं. मग तोंड लिंपायचं
आणि जायचं.
पिल्लू उठेल तेव्हा घरात खायला असेल,
आई नसेल.
हे कळलं कारण एकदा कोठी फुटली माझ्या हातून.
वहीत त्याला रकाना नव्हता.

तुळईच्या पोकळीत सातेरी माश्या.
आमच्या सावईत सातेरी म्हणजे देवी, वारुळाची,
नुसती माती.
निघताना हात आपोआप छातीशी जातो.
पिएदादबाय हसतात : लायटीचो मनीस मुसांक नमस्कार करता!

यंदा मे महिन्यात एश्पेरांसाबाय आल्या, स्विंडनहून.
तीन बॅगा, कानात वायरी घातलेला मुलगा,
आणि वीतभर लांब जुनी किल्ली.
जाईना.
तेल घातलं, फुंकर मारली, पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाल्या.
मी टॉर्च लावला. भोकात माती,
वाळून विटेसारखी.
कुंभारणीच्याच धाकट्या जातीचं काम.
"दार बंद," मी म्हणालो, सवयीनं.

मुलानं स्क्रूड्रायव्हर आणला.
त्यांनी टोक लावलं, मग थांबल्या.
"आत कोणी असेल?"
असेल.
"किती दिवस?"
आता हे मी काय सांगू. अळ्या किती भरल्यात, त्यावर.

शेवटी पिएदादबायनी मागची चावी काढली, तांदळाच्या डब्यातून.
स्वतःच्या घरात त्या
रांधणीतून शिरल्या, बॅगा आडव्या करून.

दोन महिन्यांनी गेलो. दार बंद.
कुलपातल्या मातीला एक गोल भोक होतं,
कडा बाहेरच्या बाजूला झडलेल्या,
आतून उघडलेलं.
आकडा चौदानं वाढला होता.
लिहिला.