मृत थर

बाहेर सेहेचाळीस. बांभोरीच्या टेकडीवर
डांबर चपलेला धरून ठेवतं.
आत, तळहाताएवढ्या डब्यात, उणे तीस.
मधे आम्ही, घामेजलेले,
नखाएवढ्या सिलिकॉनला जपत.

त्याला ऊन बाधलं की ते
नसलेल्यांचीही हजेरी लावतं.
गार ठेवलं की खरं बोलतं. बहुतेक.

जोरात येणारे कण सोपे,
खूण ठेवून आरपार जातात.
आम्हाला हवेत ते दमलेले,
ज्यांचा सगळा जीव उंबऱ्यातच सरतो,
सेन्सरच्या वरच्या कातडीत,
जिथून आत काहीच ऐकू जात नाही.
तिला मृत थर म्हणतात.
चौदा महिने मी तेवढीच पातळ करतेय.
बारा चकत्या वाया गेल्या.

तारा जोडायला विसपुते काका येतात.
सराफ बाजारात चाळीस वर्षं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
नव्या यंत्राचा भाग दिवाळीपासून पुण्यात अडकलाय,
म्हणून जुन्या बाँडरवर, हातानं,
केसाहून बारीक सोन्याची तार.
पंखा बंद कर, म्हणतात. बोलू नको.
गुंजभर सोनं जोखताना त्यांचे वडील
गिऱ्हाइकाला श्वास सोडू देत नसत.

तेराव्या चकतीनं पहिल्याच रात्री
आलेखावर डौलदार शिखर काढलं.
मी थोडी रडलेसुद्धा.
ती सुरतेकडची मालगाडी निघाली,
गिरणेच्या पुलावर.
डबे मोजले असते तर जुळले असते.

म्हणून आता रात्री दोन ते साडेतीन.
फोन बंद, दिवे बंद,
समोर ट्रिटियमचा एक ठिपका.
काका घरी जायला तयार नाहीत.

दोन चाळीसला, गोंगाटाच्या कुंपणापलीकडे
एक टिंब.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरं.

"हाई काय शे?"
आलं कोणीतरी, मी म्हटलं.
"वजन?"
पाकिटाच्या पाठीवर मी गुंज मांडली,
तिचे भाग, त्यातल्या एकाचे भाग,
शून्यं कडेवरून टेबलावर उतरली.
काकांनी अंधारातच चष्मा पुसला.
"आनि तरी काटा हालना?"

साडेतीनपर्यंत सात.
सातातले आपले किती,
ते उद्या ठिपका झाकून मोजल्यावर.

खाली पुलावर गाडी आली.
दोघांनीही टेबलावरून
हात उचलले.