आवाज बसलाय

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
डबल बासच्या ए तारेवर गज ओढला
आणि ज्वारीचं पोतं फरशीवर टाकावं तसा आवाज आला.
गीत पुढं गेलं.
मी तिथंच राहिले.

"तारा बदल," रूबेन म्हणाला. तो गिटार वाजवतो,
त्याला कशावरही तारच सुचते.
पुण्याहून मागवायच्या तर चौदा हजार.
मी आधी फडक्यानं तारा पुसल्या,
राळेची पांढरी पपडी नखानं काढली,
मग घोडीकडं बाजूनं पाहिलं:
सूर लावता लावता ती पुढं कललेली,
जालना स्टँडवर अंबडची गाडी दिसते का बघणाऱ्या बाईसारखी.
दोन्ही अंगठ्यांनी केसभर, केसभर मागं घेतली.
फरक पडला.
आता अर्धं पोतं.

मुनव्वर मिस्त्री कादराबादेत दारं-चौकटी करतात.
वाजवून दाखव, म्हणाले नाहीत.
माठ घेताना ठोकून बघतात तसे
बोटाच्या पेरानं कडेकडेनं ठोकत गेले,
टण्, टण्, टण्,
भद्.
खालच्या वळणावर पाठीचा सांधा उघडलेला,
पोस्टकार्ड आत जाईल एवढा.
"इसकू प्यास लगी, बेटी."

मी दिवसभर बियाण्याच्या कंपनीत कपाशीचं बी कोरडं ठेवते.
आकडा जरा वर सरकला की अख्खा लॉट परत.
ओलावा म्हणजे माझ्या नोकरीचा वैरी.
कंपनीतला जुना मापक पिशवीत घालून आणला,
चर्चच्या भिंतीला टांगला.
चौदा.
इतकी वर्षं बी वाचवलं,
आणि इथं माझ्या खांद्याला टेकून उभं असलेलं लाकूड
सुकत होतं, मला पत्ता नाही.

सरस तापवला. सांधा भरला.
सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून दोन रात्री तसाच ठेवला,
हात मोडलेल्या पोरासारखा.
मग भोकं पाडलेल्या रबरी नळीत ओल्या पंच्याची चिंधी कोंबून
ती पोटात सोडली.
आमच्या गल्लीत नळाला नवव्या दिवशी पाणी येतं,
त्यातलं वाटीभर रोज ह्याला.
आई म्हणाली, "जास्वंदीला कधी घातलं नाहीस एवढं."

तरी खालचे सूर पोकळच.
डॉक्टर पंडागळ्यांचा दाताचा आरसा मागून आणला,
मोबाइलचा उजेड फटीतून आत टाकला.
आतली काठी, पोटाला पाठीशी जोडणारी,
तिरकी उभी. पडायची राहिलेली.
तारा ढिल्या करून, छत्रीची काडी वाकवून
मिस्त्रींनी तिला टोचत टोचत सरळ केलं,
दीड तास लागला, तीन चहा,
एक शिवी, तीसुद्धा हळू, चर्चमध्ये आहोत म्हणून.

आणि वाजला.
फरशीतून तळपायात आला आधी,
कानात नंतर.

फक्त बी-वर एक खरखर.
तीन दिवस मी पुन्हा सांधे तपासले, पेच आवळले,
त्याच्यावर चिडले सुद्धा.
चौथ्या दिवशी कळलं, कपाटात दानाची पितळी थाळी
काचेला टेकून थरथरत होती.
थाळीखाली रुमाल घातला.

आता राहिलाय एक सूर,
डी तारेवर, वरच्या जी-जवळ.
तिथं गज अडखळतो, आवाज गुरगुरतो, पळतो, परत येतो.
वाजवणारे त्याला लांडगा म्हणतात.
मिस्त्रींच्या हाताखालचा म्हाळू हे ऐकून हसला.
त्याची मेंढरं अंबडकडं, मोसंबीच्या बागांपलीकडं.
"आमच्यात लांडगा दिसला तर त्याच्या मागं लागत नाहीत," म्हणाला.
"रातच्याला एक कुत्रं जास्त बांधतात."

मापकावर आज एकेचाळीस.
रविवारी तिसऱ्या गीतात तो सूर दोनदा येतो.
मला आधी दोन ठोके कळतं.
डावा गुडघा मी त्याच्या पाठीला टेकवते,
फार दाबत नाही,
तो जवळून निघून जाईपर्यंत.